पदरमोड

दुपारचे तीन वाजायला आलेले असतात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, गाव कोणतंही धरा. एसटीतून उतरलेली एक बाई काउंटरशी येते, काचेखालून पासबुक आत सरकवते आणि विचारते, ‘मना पैसा उनात का भाऊ?’ आतला कारकून पासबुक छापतो. पैसे आलेले नाहीत. एवढं सांगितलं की त्याचं काम संपलं. पण का आले नाहीत हे शोधायला गेलं, तर निघतं असं की आधार भलत्याच बँकेतल्या खात्याला जोडलेलं आहे. ते खातं कधीतरी गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा देताना उघडलं गेलं आणि बाईला ते आठवतही नाही. हे खणून काढायला पंधरा मिनिटं जातात. नाही खणलं म्हणून कुणी मेमो देत नाही, खणलं म्हणून कुणी बढती देत नाही, आणि मागे रांग चुळबुळत असते. तरीही काही जण खणतात. काही ‘सेंटरवर विचारा’ म्हणून मोकळे होतात. आणि गंमत अशी की सोमवारी खणणारा माणूसच शुक्रवारी मोकळा होतो.

मला कुतूहल आहे ते या शेवटच्या गोष्टीचं. माणूस तोच, शाखा तीच, पगार तोच. मग सोमवार ते शुक्रवार या दरम्यान काय संपलं?

व्यवस्थापनशास्त्रात या पंधरा मिनिटांना नाव आहे. इंडियाना विद्यापीठातल्या डेनिस ऑर्गन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ते रूढ केलं, आणि १९८८ मध्ये ऑर्गन यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ‘ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेविअर’. मराठीत आपण त्याचं ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’ करून टाकलं. हे शब्द ऐकून कोणत्याही कॅशिअरला आपण असं काही करतो असं वाटणार नाही. अर्थ सोपा आहे: नेमून दिलेल्या कामात नसलेलं, बक्षिसाच्या यादीत नसलेलं, पण केल्यानं संस्था चालते असं काम. ऑर्गन यांनी त्याचे पाच प्रकार मांडले. सहकाऱ्याला मदत करणं, नियमापेक्षा जास्त काटेकोर राहणं, कुरकुर न करता गैरसोय सोसणं, आपल्यामुळे दुसऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून आधीच कल्पना देणं, आणि संस्थेच्या बऱ्यावाईटात मन घालणं. कल्पना तशी जुनीच. न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीत वरच्या पदावर असलेले चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसांची सहकार्याची इच्छा हाच संस्थेचा पाया असतो. डॅनियल कॅट्झ यांनी १९६४ मध्ये त्याची दुसरी बाजू दाखवली: फक्त नेमून दिलेलं तेवढंच काम होणारी संस्था फार ठिसूळ असते.

कॅट्झ यांचं म्हणणं आपल्याकडच्या युनियनना पुस्तक न वाचताच ठाऊक होतं. संप न करता बँक अडवायची असेल तर ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन पुरतं. प्रत्येक सही ताडून, प्रत्येक नोट मोजून, प्रत्येक कागद नियमाबरहुकूम तपासून काम सुरू केलं की दुपारपर्यंत रांग दाराबाहेर जाते. म्हणजे एरवी बँक चालते ती नियमावलीच्या बाहेर कुणीतरी घातलेल्या भरीवर.

या भरीला आपल्या भाषेत एक शब्द आहे. पदरमोड. पदरचं मोडून दुसऱ्याचं भागवणं. हा शब्द मला ‘नागरिकत्वा’पेक्षा बरा वाटतो, कारण त्यात खर्चाची जाणीव आहे. नागरिकत्व असतं किंवा नसतं. पदरमोड करायला मात्र आधी पदरात काही असावं लागतं. बँकेतल्या माणसाची पदरमोड पैशांची नसते. वेळ, डोकं आणि मनाची सैल अवस्था या तीन गोष्टी तो मोडतो, आणि त्या तिन्ही घरून येतात. रात्रीची झोप, मुलाच्या शाळेत जाऊन आलेलं समाधान, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन वेळेवर झाल्याची निश्चिंती. काम आणि घर यांच्या ‘संतुलना’बद्दल जे बोललं जातं ते या अर्थी. मी ‘संतुलन’ म्हणत नाही, ‘ताळमेळ’ म्हणतो. बँकेतल्या माणसाला तो शब्द जवळचा आहे. ताळा जुळला नाही की काय होतं, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

माझे वडील धुळ्यात एका बँकेत कारकून होते, लेजर आणि सबसिडिअरी बुकांच्या काळात. ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च या तारखा आमच्या घरात दिवाळी-आखाजीइतक्या पक्क्या होत्या. क्लोजिंग. त्या रात्री बॅलन्स जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही. फरक काही रुपयांचा असो की काही पैशांचा, शोधायचाच. फरकाला नऊनं भाग गेला तर आकडे उलटसुलट पडलेत, म्हणजे ६३ च्या जागी ३६, हे मला शाळेत नव्हे, वडिलांकडून कळलं. पण वडील सांगायचे ती गोष्ट वेगळी होती. ज्याचं लेजर आधी जुळे तो टोपी उचलून घरी जात नसे. तो शेजारच्याचं लेजर ओढून घेई आणि ओरडून आकडे वाचू लागे. कारकुनाला ओव्हरटाइम होता हे खरं, पण शेजारच्याच्या लेजरचा ओव्हरटाइम कुठल्याच करारात बसत नाही. ऑर्गन यांच्या यादीतला पहिला प्रकार म्हणजे हाच, मध्यरात्री, भज्यांच्या कागदावर तेलकट बोटं पुसत.

कोअर बँकिंग आलं आणि ही रात्र गेली. संगणक स्वतःच जुळतो. सगळे म्हणाले, सुटलो. सुटलेच. पण शेजाऱ्याचं लेजर ओढून घेण्याचं निमित्तही सुटलं. त्याच्या जागी आलं ते प्रत्येकाच्या नावापुढचं टार्गेट. इतके विमे, इतकी खाती, इतकी कार्डं. लेजरचा फरक सगळ्या शाखेचा असे, टार्गेटचा फरक एकट्याचा असतो. दोन माणसांची शाखा, त्यातला एक वसुलीला बाहेर. अशा ठिकाणी सहकाऱ्याला मदत करायला सहकारीच नसतो, हे वेगळं.

खान्देशातल्या शाखेत आणखी एक पदरमोड चालते. ती कोणत्याच अमेरिकी यादीत सापडणार नाही. बँक भरतीसाठी ‘आयबीपीएस’ची सामाईक परीक्षा २०११ पासून सुरू झाली तसे सरकारी बँकांत अधिकारी देशभरातून येऊ लागले. पाटण्याचा किंवा गुंटूरचा पोरगा पंचविशीत साक्रीला शेती अधिकारी म्हणून उतरतो. त्याला हिंदी येते, मराठी शिकतो म्हणतो. समोरचा शेतकरी अहिराणीत ‘नवं-जुनं करानं शे’ म्हणतो. म्हणजे मागचं पीककर्ज भरून लगेच नवं उचलायचं आहे. यावल-रावेरकडे गेलात तर लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी. मग इथलाच, धरणगावचा किंवा पारोळ्याचा एखादा कारकून आपली खुर्ची सोडून उठतो आणि दुभाष्या होतो. सातबाऱ्यावरचा बोजा, सोसायटीचा बेबाकी दाखला, केळीच्या फळपीक विम्याची मुदत, सगळं तो दोन्हीकडून समजावतो. दिवसातून आठ-दहा वेळा. त्याच्या नेमणूकपत्रात याबद्दल एक ओळ नाही. आणि ज्या दिवशी तो उठत नाही, त्या दिवशी ती शाखा अर्धी बंद असते, शटर वर असलं तरी.

जिल्हा मध्यवर्ती बँकांचं थोडं निराळं. तिथं अधिकारी, कारकून, गटसचिव सगळे इथलेच. कर्जदार हा कुणाचा मामा, कुणाचा व्याही. मार्चअखेरीला शाखाधिकारी रात्री नऊला एखाद्याच्या ओट्यावर बसून ‘आप्पा, उद्या भरा, नाहीतर व्याजाची सवलत जाईल’ म्हणून विनवतो. ही संस्थेवरची निष्ठा की नातं, ते सांगणं अवघड. मला वाटतं बहुतेक वेळा नातंच. आणि नात्यातून येणारी पदरमोड आंधळी असते हेही कबूल करायला हवं. आपल्या गावच्या आप्पांसाठी पंधरा मिनिटं निघतात. डोंगरातून भल्या पहाटे निघून आलेला पावरा तरुण मात्र तासभर भिंतीला टेकून उभा असतो. कर्तव्यापलीकडे जाणं ही सरसकट चांगली गोष्ट मानून चालणाऱ्या अभ्यासांनी कोण कोणासाठी पलीकडे जातं, हेही विचारायला हवं.

आता घराकडे येतो. जळगाव-धुळ्याकडच्या बँकवाल्यांच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त येणारा शब्द ‘अप-डाऊन’ हा असेल. मुलांची शाळा जळगावला किंवा धुळ्याला, शाखा अमळनेर, दोंडाईचा, शिरपूर, चाळीसगावला. भुसावळ-सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये आणि धुळे-चाळीसगाव गाडीत पासधारकांच्या ठरलेल्या जागा असतात. पत्त्यांचे डाव, वाढदिवस, बदल्यांच्या बातम्या सगळं तिथंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना दुपारच्या एसटीनं येणं म्हणजे काय, ते भुसावळच्या माणसाला विचारा. अप-डाऊनमध्ये दिवसाचे तीन तास जातात. कारकुनाच्या कामाचे तास करारानं बांधलेले आहेत. अधिकाऱ्याचे तसे नाहीत आणि त्याला ओव्हरटाइमही नाही. बढती घेतली की बदली आली, म्हणून ‘प्रमोशन नको’ म्हणणारे हुशार कारकून या भागात शेकड्यानं भेटतील. विशेषतः बायका. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असा शेरा मारणं सोपं आहे. पण त्यांनी ताळा मांडून घेतलेला निर्णय असतो तो.

शिवाय बँकेचं कॅलेंडर मुंबईचं आणि घराचं कॅलेंडर खान्देशचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घागर भरली जाते. पण त्या दिवशी रविवार किंवा दुसरी कुठली सुट्टी नसेल तर बँक उघडी असते. कानबाई देवी तरी रविवारी बसते, पण सोमवारी विसर्जनाला घरची बाई काउंटरवर असते. हे किरकोळ वाटेल. मोठ्या सुट्ट्या सगळ्यांनाच मिळतात, माणसाचं मन अडकतं ते अशा आपल्या गावच्या दिवसांत. ‘कानबाईचे रोट करायचेत, अर्धा दिवस द्या’ म्हटल्यावर साहेब हो म्हणाला की नाही, हे बाईंना पाच वर्षं लक्षात राहतं. आणि मार्चमध्ये त्या थांबतात की नाही, ते त्यावर ठरतं. पीटर ब्लाउ यांनी १९६४ मध्ये याला सामाजिक देवाणघेवाण म्हटलं. पैशाच्या व्यवहारात किती द्यायचं ते ठरलेलं असतं, या व्यवहारात ठरलेलं नसतं, फक्त उधारी मनात राहते.

मग प्रश्न येतो नोटाबंदीचा. कारण घराचा ताळमेळ बिघडला की पदरमोड थांबते असं म्हणावं, तर नोव्हेंबर २०१६ मध्ये नेमकं उलटं झालं. आठ तारखेच्या रात्री घोषणा, नऊला बँका बंद, दहाला उघडल्या आणि पुढचा शनिवार-रविवारही उघड्याच राहिल्या. बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन हजार. नियम रोज बदलत होते आणि ते ग्राहकाला सांगायचे काउंटरवरच्या माणसानं. इकडे कापूस वेचणीचे, मजुरी रोख द्यायचे दिवस, लग्नसराई तोंडावर. त्यात १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा बदलून द्यायलाच नव्हे, खात्यात भरून घ्यायलाही मनाई झाली. ज्या बँकेत शेतकऱ्याचं खातं, त्याच बँकेच्या कर्मचाऱ्यानं त्याला हात जोडून परत पाठवायचं. ते सगळे दिवस बँकवाल्यांनी काढले. घरी कुणी कुणाला दिसत नव्हतं, तरी काढले. म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, रांगेत पाणी फिरवलं, ज्याच्या घरी लग्न त्याची कागदपत्रं बसून लावली.

याचं उत्तर मी असं लावतो. त्या संकटाला शेवटची तारीख होती, ३० डिसेंबर. शेवट दिसत असला की माणूस कर्ज काढूनही पदरमोड करतो, आणि घरही त्याला ते कर्ज देतं. करोनातही तसंच झालं. एप्रिल २०२० पासून तीन महिने महिलांच्या जनधन खात्यांत पाचशे रुपये येत होते आणि खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून तारखा ठरवून दिल्या होत्या. तोंडाला रुमाल बांधून लोक रांगा लावत होते आणि आत माणसं बसलेली होती. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते आले, आधार जोडणीसाठी बायकांची गर्दी झाली, तेव्हा स्वर बदललेला होता. ‘आता हेही’ असा. जनधन, कर्जमाफीच्या याद्या, पीकविमा, नोटाबंदी, पुन्हा कर्जमाफी, विलीनीकरण. एकामागून एक मोहीम येत गेली आणि शेवटची तारीख दिसेनाशी झाली. घरानं दिलेलं कर्ज फिटलंच नाही.

हैफा विद्यापीठातल्या एरान विगोडा-गादोत यांनी २००६ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, सक्तीचं नागरिकत्व. वरून दिसतं स्वखुशीचं, आतून असतं दडपणाचं. आपल्याकडे त्याला वेठ म्हणत. रविवारी कर्जमेळाव्याला ‘स्वेच्छेनं’ हजर राहणं, रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे टाकणं, ‘टीम स्पिरिट’ म्हणून स्वतःच्याच मेहुण्याला विमा विकणं. वेठीची खूण अशी की ती करणारा माणूस सोमवारच्या त्या बाईसाठी पंधरा मिनिटं खणत नाही. त्याचा पदर वरच्यांनी आधीच रिकामा केलेला असतो.

नियमांच्या बाजूनं काही हललं आहे. दुसरा-चौथा शनिवार सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा झाला. ८ मार्च २०२४ च्या वेतन करारासोबत पाच दिवसांच्या आठवड्यावरही सहमती झाली. त्या बदल्यात रोज चाळीस मिनिटं जादा काम करायची संघटनांची तयारी होती, पण पुढे सरकारच्या मंजुरीसाठी ताटकळावं लागलं. सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. आणि एक सुट्टी अशी आहे की तिचा मला नेहमी विस्मय वाटतो. संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्या काळात त्यानं कामाला हात लावायचा नाही. हेतू असा की काही गैरव्यवहार असला तर मागे उघडकीला यावा. संशयापोटी दिलेली ती रजाच अनेकांची वर्षातली एकमेव निवांत रजा ठरते.

ताळमेळ आणि पदरमोड यांच्या नात्याचा जळगाव-धुळ्यात अभ्यास करायचा तर अडचणी आहेत. प्रश्नावली घेऊन विद्यार्थी शाखेत जातो, शाखाधिकारी ती सगळ्यांना वाटतो, जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवून माणसं खुणा करतात. ‘मी सहकाऱ्यांना मदत करतो’ या विधानापुढे ‘पूर्णतः असहमत’ कोण लिहील? तेही साहेब कागद गोळा करणार असताना? ‘माझा काम आणि घर यांचा ताळमेळ चांगला आहे’ इथंही तेच. दोन्ही आकडे वर, मग दोन्हींचा संबंधही घट्ट निघतो, आणि निष्कर्ष तयार होतो की ताळमेळ चांगला म्हणून पदरमोड चांगली. असेलही. पण असा निष्कर्ष निघण्याआधीच निघालेला असतो.

मार्क बोलिनो आणि विल्यम टर्नली यांनी २००५ मध्ये एक चांगली युक्ती केली. त्यांनी ९८ जोडपी घेतली. कर्मचारी कामावर नेमून दिलेल्यापलीकडे किती पुढाकार घेतो, हे कर्मचाऱ्यालाही विचारलं नाही आणि साहेबालाही नाही. त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराला विचारलं. ज्यांचा पुढाकार जास्त, त्यांच्यावर कामाचा बोजा, ताण आणि घराशी ओढाताण जास्त, असं निघालं. बायकांच्या बाबतीत ही ओढाताण आणखी ठळक. म्हणजे ताळमेळातून पदरमोड येते तशी पदरमोडीनं ताळमेळ मोडतोही. एकाच दोरीची दोन टोकं, आणि कोणतं टोक कोण ओढतंय ते घरातल्या माणसाला आधी कळतं.

म्हणून इथल्या अभ्यासकाला माझं एकच सांगणं राहील, प्रश्नावली घेऊन शाखेऐवजी घरी जा. संध्याकाळी, गाडी यायच्या आधी. माझ्या आईला कुणी विचारलं असतं, तुमचे मिस्टर बँकेत जास्तीचं काम किती करतात हो, तर तिनं हातातलं काम थांबवून आधी विचारलं असतं, ‘कधीचं सांगू? मार्चचं की एरवीचं?’